डोळे हलतात, मग विमानाच्या क्षेत्रात जाता येईल का?

बारावीचा निकाल लागला की लातूर-नांदेडकडच्या घरांत हल्ली डॉक्टर-इंजिनिअरच्या जोडीने आणखी एक विषय निघतो: पायलट व्हायला काय लागतं? ज्या घरातल्या पोराचे डोळे जन्मापासून आपोआप हलत राहतात, म्हणजे डॉक्टरी भाषेत ज्याला निस्टॅग्मस आहे, तिथे या प्रश्नाला दुसरा प्रश्न चिकटलेला असतो, आणि तो सहसा पोरासमोर विचारत नाहीत. मामा म्हणतात, चष्मेवाले पायलट होतात की, मग ह्यालाच काय अडचण? शेजारचे गुरुजी म्हणतात, डोळ्यात दोष आहे ना, मग विमानाचं नावच काढू नका. दोघंही मनापासून बोलतात आणि दोघांचंही ऐकीवच असतं.

माझे स्वतःचे डोळे असेच आहेत. गाव परभणी जिल्ह्यातलं, नोकरी विमानांच्या देखभालीच्या नोंदी ठेवण्याची. आमच्यात त्याला टेक्निकल रेकॉर्ड्स म्हणतात. कॉकपिटात मी बसत नाही. तिथे का बसत नाही आणि तरीही या क्षेत्रात कसा टिकलो, हे कळायला आधी डोळा काय करतो ते बघावं लागेल.

डोळा काय करतो

डोळ्याच्या आतल्या पडद्यावर मधोमध एक बारीकशी जागा असते. तिला फोविया म्हणतात. बारीक अक्षर, एसटीची पाटी, समोरच्याच्या चेहऱ्यावरचा राग, हे सगळं नीट दिसतं ते या जागेमुळे. ज्याच्याकडे बघायचं त्याचं चित्र या जागेवर धरून ठेवायचं काम मेंदूचं. निस्टॅग्मस असला की ही धरण्याची पकड सुटते. डोळा हळूहळू बाजूला घसरतो आणि मेंदू त्याला झटक्यात परत आणतो. औताचा बैल बांधाकडे ओढ घेतो आणि आपण कासरा ओढून त्याला परत तासावर आणतो, तसंच हे, फक्त एका सेकंदात दोन-चार वेळा आणि जागेपणी दिवसभर. काहींच्या डोळ्यांना झटका नसतो, ते दोन्हीकडे सारख्याच गतीने झुलतात. बहुतेकांचे डोळे आडवे हलतात. वर-खाली किंवा गोल हलणारे कमी.

पापणी फडफडते, ज्याला आपल्याकडे डोळा लवतो म्हणतात आणि त्यावरून शकुन-अपशकुन काढतात, त्याचा याच्याशी संबंध नाही. तिथे पापणीचा स्नायू उडतो, बुबुळ जागेवरच असतं.

लोकांचा ठरलेला प्रश्न असतो: तुला सगळं हलतानाच दिसतं का? नाही. दोष जन्माचा असेल तर मेंदू त्या हालचालीसकटच बघायला शिकतो आणि जग बहुतेक वेळा स्थिरच दिसतं. डोळा घसरतो, परत येतो, आणि या प्रत्येक फेऱ्यात एक क्षण असा येतो की तो लक्ष्यावर जवळपास थांबलेला असतो. खरं बघणं त्या क्षणात होतं. हा क्षण कुणाचा लांब असतो, कुणाचा आखूड. म्हणून दोघांचे डोळे सारखेच हलताना दिसले तरी एकाला फळ्यावरचं वाचता येतं आणि दुसऱ्याला येत नाही. समोरच्याच्या डोळ्यांकडे बघून त्याला किती दिसतं याचा अंदाज बांधता येत नाही. गुरुजींना हे माहीत नसतं आणि, वाईट याचं वाटतं, की काही डॉक्टरही घाईत हे विसरतात.

आणखी दोन गोष्टी. एक म्हणजे मान. बहुतेकांना अशी एक दिशा सापडते जिकडे बघताना डोळे सगळ्यात कमी हलतात. माझी उजवीकडे आहे, म्हणजे समोरचं नीट बघायला मला तोंड डावीकडे वळवून डोळे उजवीकडे न्यावे लागतात. शाळेत 'मान सरळ कर', फोटो स्टुडिओत 'मान सरळ करा', लग्नाच्या अल्बमात वाकडा नवरदेव. ती मान वाकडी नसते. पोरगं नीट बघायचा प्रयत्न करत असतं. ती बळजबरीने सरळ केली तर त्याला कमी दिसतं.

दुसरी गोष्ट जास्त कामाची. जवळचं बघायला दोन्ही डोळे नाकाकडे वळतात, आणि पुष्कळांचे डोळे त्या वेळी शांत होतात. त्यामुळे दूरची पाटी वाचता न येणारा माणूस हातातलं पुस्तक सहज वाचतो. घरच्यांना वाटतं पोरगं नाटक करतंय: पेपर वाचतो आणि बसची पाटी दिसत नाही म्हणतो! पण हे खरंच तसं असतं, आणि पुढे नोकरी निवडताना याच गोष्टीचा सगळ्यात जास्त उपयोग होतो.

ताण, जागरण, घाई या तिन्हींत डोळे जास्त हलतात. शिवाय आम्हाला दिसायला वेळ लागतो. वस्तू दिसत नाही असं नाही, ती नजरेत बसायला थोडा जास्त अवकाश लागतो. डोळ्यांच्या तक्त्यासमोर बसवून 'पटपट वाच' म्हटलं की निकाल एक, आणि शांतपणे वाचू दिलं की निकाल दुसरा.

पायलटचेही डोळे हलतात

हा आजार आहे असं म्हणताना एक विसरायला नको: ही हालचाल सगळ्यांच्या डोळ्यांत असते, फक्त वेळेवर येते आणि जाते. देवगिरी एक्सप्रेसच्या खिडकीशी बसलेल्या माणसाच्या डोळ्यांकडे बघा. तारेचे खांब मागे जाताना त्याचे डोळे हळू मागे सरकतात, झटक्यात पुढे येतात. हा नैसर्गिक निस्टॅग्मस, आणि तो झाला नाही तर उलट काळजी करावी.

दुसरा प्रकार कानाशी जोडलेला आहे. आतल्या कानात अर्धवर्तुळाकार नळ्या असतात आणि त्यांतल्या द्रवामुळे मेंदूला डोकं कुठे फिरतंय ते कळतं. व्हिएन्नाचे कानाचे डॉक्टर रॉबर्ट बारानी यांच्या लक्षात आलं की रुग्णाच्या कानात थंड किंवा गरम पाणी घातलं की त्याचे डोळे हलू लागतात आणि त्याला गरगरतं. थंड पाण्याने एका दिशेला, गरम पाण्याने उलट दिशेला. आतल्या कानाच्या या कामासाठी त्यांना १९१४ सालचं नोबेल मिळालं. ते तेव्हा पहिल्या महायुद्धात रशियाच्या कैदेत होते. त्यांच्या नावाची फिरती खुर्ची आजही वैमानिकांच्या प्रशिक्षणात वापरतात.

ती कशासाठी, हे समजून घेण्यासारखं आहे. विमान स्वतःभोवती गिरक्या घेत खाली येऊ लागलं, म्हणजे स्पिनमध्ये गेलं, की थोड्या वेळाने कानातला द्रवही त्याच वेगाने फिरू लागतो आणि गिरकी जाणवेनाशी होते. मग पायलटने विमान सावरलं की विमान थांबतं, पण द्रव फिरतच राहतो. मेंदूला वाटतं आपण उलट दिशेने फिरतोय. डोळे झटके देऊ लागतात, समोरची यंत्रं धूसर होतात. अशा वेळी पायलटने स्वतःच्या जाणिवेवर विश्वास ठेवला तर तो विमान पुन्हा त्याच गिरकीत घालतो. अशा गिरक्यांनी माणसं गेली आहेत. म्हणून खुर्चीवर बसवून त्याला शिकवतात की तुझे डोळे, तुझे कान खोटं बोलतील, तू काट्यांवर विश्वास ठेव.

एवढं कळलं की विमानाचा डॉक्टर निस्टॅग्मस बघून सावध का होतो तेही कळतं. त्याच्या मनात दोन वेगळ्या भीती असतात. एक, हा डोळा कान किंवा मेंदूच्या आजारामुळे तर हलत नाही ना, आणि या माणसाला हवेत अचानक गरगरलं तर? दोन, याला पुरेसं दिसतं का? सगळा घोळ होतो तो या दोन भीती एकत्र केल्यामुळे.

जन्मापासूनचा आणि नंतर आलेला

जन्मापासूनचा म्हणतात तो निस्टॅग्मस बहुधा बाळ दोन ते सहा महिन्यांचं असताना दिसू लागतो. काहींत मूळ कारण डोळ्यातच असतं: जन्मजात मोतीबिंदू, पडद्याचे दोष, डोळ्याची नस पूर्ण न वाढणं, किंवा अल्बिनिझम, म्हणजे केस-कातडीला आणि डोळ्याला रंगद्रव्य कमी असणं. काहींत डोळा तपासून सगळं ठाकठीक निघतं, फक्त हालचाल असते. अशा घराण्यांपैकी काहींमध्ये एक्स गुणसूत्रावरच्या एफआरएमडी७ या जनुकात बदल सापडतो. हे जनुक २००६ साली ओळखलं गेलं. एक्सवरचं असल्यामुळे ते आईकडून मुलाकडे येतं. मामाचे डोळे हलतात आणि भाच्याचेही, हे त्यामुळेच.

मामाचा विषय निघालाच आहे तर सांगून टाकतो. आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्न हा मान समजतात. अल्बिनिझमसारखे दोष दोन्ही आईबापांकडून जनुक आलं तरच दिसतात, आणि नवरा-बायको एकाच रक्ताचे असले की ती शक्यता वाढते. यात कुणाला दोष द्यायचा नाही. पण घरात असं एखादं लेकरू असेल तर पुढच्या सोयरिकीच्या आधी डॉक्टरांशी बोलावं.

बाळाचे डोळे हलताना दिसले तर 'मोठं झालं की जाईल' म्हणून बसू नये. मोतीबिंदू असेल तर महिने वाया गेलेले भरून येत नाहीत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं २०१३ पासून अंगणवाडी-शाळांत तपासणी करतात. संभाजीनगरची घाटी, नांदेड, लातूर, अंबाजोगाई इथली सरकारी मेडिकल कॉलेजं आहेत. पडद्याच्या खास तपासण्यांसाठी आपल्या भागातले लोक हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेत जातात. नांदेडकरांना ते मुंबईहून जवळ पडतं.

नंतर आलेला निस्टॅग्मस हे पूर्ण वेगळं प्रकरण. मोठ्या माणसाचे डोळे अचानक हलू लागले, त्याला जग हलताना दिसू लागलं, तर त्याच्या मागे कानाचा आजार, मेंदूच्या रक्तपुरवठ्यातला अडथळा, मल्टिपल स्क्लेरोसिस, डोक्याला लागलेला मार, फिटच्या फेनिटॉइनसारख्या गोळ्यांचा डोस जास्त होणं किंवा दारू, काहीही असू शकतं. सोबत एकाची दोन दिसणं, जीभ जड होणं, हातापायात ताकद न राहणं असं काही असेल तर त्याच तासाला दवाखाना गाठायचा. अशा माणसाला विमान चालवू देणार नाहीत, आणि ते योग्यच आहे.

अमेरिकेच्या एफएएने, म्हणजे तिथल्या सरकारी विमान नियामक संस्थेने, आपल्या वैद्यकीय परीक्षकांना हा फरक लिहूनच दिला आहे: निस्टॅग्मस नवा असेल तर प्रमाणपत्र देऊ नका किंवा प्रकरण वर पाठवा, पण तो कित्येक वर्षांचा असेल आणि अलीकडे बिघडलेला नसेल, तर सहसा त्याचा नजरेवर किती परिणाम होतो एवढंच बघा. म्हणजे पहिली भीती कागदपत्रांनी मिटवायची आणि दुसरी तक्त्याने. मला ही मांडणी पटते.

तक्ता काय म्हणतो

आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेची, म्हणजे आयकाओची, जी किमान मानकं आहेत त्यांच्या चौकटीतच भारतात डीजीसीएचे, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे, नियम चालतात. व्यावसायिक पायलटला क्लास वन वैद्यकीय प्रमाणपत्र लागतं. त्यासाठी दूरची नजर, चष्म्यासह चालेल, प्रत्येक डोळ्याची वेगवेगळी किमान ६/९ आणि दोन्ही डोळ्यांची मिळून ६/६. हौशी उड्डाणाचं, म्हणजे क्लास टूचं, मानक प्रत्येक डोळ्याला ६/१२ आणि मिळून ६/९. ६/९ म्हणजे नीट नजरेच्या माणसाला जी ओळ ९ मीटरवरून वाचता येते ती तुम्हाला ६ मीटरवरून यावी. याशिवाय जवळची नजर, रंग ओळखणं, नजरेचा आवाका आणि दोन्ही डोळ्यांचं एकत्र काम हेही बघतात.

आता 'प्रत्येक डोळ्याची वेगवेगळी' या शब्दांवर थांबा. आमच्यातल्या बऱ्याच जणांचा निस्टॅग्मस एक डोळा झाकला की वाढतो. काहींना तर तो दोन्ही डोळे उघडे असताना दिसतही नाही, एक झाकला की उसळतो. त्यामुळे दोन्ही डोळ्यांनी छान वाचणारा माणूस एकेका डोळ्याच्या परीक्षेत दोन-तीन ओळी खाली येऊ शकतो, आणि नियमाला हवी असते ती नेमकी तीच परीक्षा. चांगले ऑप्टोमेट्रिस्ट अशा वेळी दुसऱ्या डोळ्यावर काळं झाकण न ठेवता जाड प्लस नंबरची काच ठेवतात. त्या डोळ्याला धूसर दिसतं पण आत उजेड पोचतो, आणि हालचाल तेवढी वाढत नाही. आपल्या डोळ्याची खरी ताकद कळण्यासाठी ही पद्धत मागून घ्यावी. सरकारी तपासणीत कोणती वापरायची हे मात्र परीक्षक ठरवतो.

मग पायलट होता येईल का? माझं प्रामाणिक मत: अल्बिनिझमसोबतचा निस्टॅग्मस असेल तर क्लास वनची आशा धरू नये, कारण नजर बहुधा ६/१८ च्या खालीच असते. डोळा आतून निरोगी असलेल्या, नुसत्या हालचालीच्या प्रकारात काहींची नजर ६/९ किंवा ६/१२ पर्यंत असते. त्यांच्यातल्या थोड्यांना दार उघडं आहे. आपण त्या थोड्यांत आहोत का, हे मोजून कळतं आणि मोजायला फार पैसे लागत नाहीत.

म्हणून पैशांचा क्रम महत्त्वाचा. कमर्शिअल लायसन्सला २०० तास उड्डाण लागतं आणि खर्च कित्येक लाखांत जातो. आपल्याकडे त्यासाठी रान विकतात. आधी गावाजवळच्या चांगल्या नेत्रतज्ज्ञाकडे एकेका डोळ्याची नजर, रंग, जवळचं वाचन. ते बसलं तर डीजीसीएच्या मान्य परीक्षकाकडे क्लास टू. मग क्लास वन. त्यासाठी दिल्लीचं एअर फोर्स सेंट्रल मेडिकल एस्टॅब्लिशमेंट किंवा बेंगळुरूचं इन्स्टिट्यूट ऑफ एरोस्पेस मेडिसिन यांसारखी ठरलेली केंद्रं आहेत. क्लास वनचा कागद हातात येईपर्यंत कोणत्याही फ्लाइंग स्कूलला मोठी रक्कम द्यायची नाही. 'मेडिकलचं आम्ही बघतो, तुम्ही आधी सीट पक्की करा' असं सांगणारा एजंट भेटला तर चहा पिऊन उठावं.

अमेरिकेत आणखी एक वाट आहे: दोष कायमचा पण न वाढणारा असेल तर परीक्षकासोबत प्रत्यक्ष उड्डाण करून क्षमता दाखवता येते आणि तसा कागद मिळतो. युट्यूबवर डोळे हलणारे अमेरिकन पायलट दिसतात ते अशा वाटांनी आलेले असू शकतात. त्या कागदावर भारतातलं लायसन्स मिळत नाही, हे मात्र व्हिडिओत कुणी सांगत नाही.

उपाय

पूर्ण बरा करणारा उपाय नाही. आधी हे मान्य केलं की जाहिरातीतल्या तेलापासून आणि डोळ्यांच्या व्यायामाच्या पॅकेजपासून खिसा वाचतो. पण काहीच करता येत नाही, हेही खरं नाही. निस्टॅग्मसवाल्यांना सिलिंड्रिकल नंबर बऱ्याचदा असतो, आणि डोळे हलतात म्हणून नंबर नीट काढलाच जात नाही. नीट काढलेल्या चष्म्याने एखादी ओळ वाढते. कॉन्टॅक्ट लेन्स डोळ्याबरोबर हलते, त्यामुळे आपण कायम तिच्या मध्यातून बघतो. काहींना त्याचा फायदा होतो. मान फार वळत असेल तर डोळ्यांच्या स्नायूंची शस्त्रक्रिया करून ती शांत दिशा समोर आणता येते. १९५० च्या दशकापासून ही शस्त्रक्रिया होते. मान सरळ होते. नजर वाढेलच असं नाही. गॅबापेंटिन, मेमँटिन अशी औषधं हालचाल कमी करतात, पण ती मेंदूवर काम करणारी आहेत आणि उड्डाणाच्या तपासणीत त्यांचीच अडचण होते.

मधला पट्टा

आता ज्यावर कुणी बोलत नाही ते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये अल्पदृष्टीची व्याख्या चांगल्या डोळ्याची चष्म्यासह नजर ६/१८ किंवा त्याहून कमी असण्यापासून सुरू होते. ठरलेल्या टक्केवारीत बसलं तर यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, आणि सरकारी नोकऱ्यांतलं ४ टक्के आरक्षण मिळतं. पायलटची रेघ ६/९ वर. या दोन रेघांच्या मधे ६/१२ वाले अडकतात. त्यांना विमान चालवू देत नाहीत आणि दिव्यांग म्हणून मानतही नाहीत. धड इकडे ना धड तिकडे. निस्टॅग्मसचे बरेच लोक याच पट्ट्यात आहेत. त्यांनी प्रमाणपत्रासाठी नजर कमी सांगायच्या भानगडीत पडू नये. तोच कागद पुढे दुसऱ्या तपासणीत आडवा येतो.

या पट्ट्यातल्या माणसाने विमानाच्या क्षेत्राकडे जवळच्या नजरेने बघावं, अगदी शब्दशः. पायलट आणि एअर ट्रॅफिक कंट्रोलर, म्हणजे जमिनीवरून विमानांना वाट देणारा, हे दोघं दूरच्या नजरेवर तोलले जातात. कंट्रोलरच्या क्लास थ्रीचं मानकही क्लास वनसारखंच, ६/९ आणि मिळून ६/६. विमानतळ प्राधिकरणाच्या कंट्रोलर भरतीसाठी वर्षभर अभ्यास करणाऱ्या पोरांनी अभ्यास सुरू करायच्या आधी तक्ता वाचून यावा. केबिन क्रूलाही डीजीसीएची वैद्यकीय तपासणी असते. पण एक विमान उडतं तेव्हा त्याच्यामागे हँगर, कार्यशाळा आणि कार्यालयांतली कितीतरी माणसं असतात, आणि त्यांच्यातल्या बहुतेकांचं काम हाताच्या अंतरावर चालतं.

एअरक्राफ्ट मेंटेनन्स इंजिनिअरचंच घ्या. बारावी विज्ञान, मान्य संस्थेतला कोर्स, मग डीजीसीएच्या परीक्षा आणि प्रत्यक्ष अनुभव. बी-१ म्हणजे इंजिन आणि सांगाडा, बी-२ म्हणजे विमानातली इलेक्ट्रॉनिक यंत्रणा. संस्थेत शारीरिक तंदुरुस्तीचा दाखला मागतात, पण पायलटसारखा ६ मीटरचा तक्ता या कामाच्या केंद्रस्थानी नसतो. इंजिनच्या आत कॅमेरा घालून पाती तपासतात ते पडद्यावर बघून. धातूतल्या न दिसणाऱ्या भेगा शोधणाऱ्या तंत्रज्ञांची नजर दरवर्षी तपासतात, पण ती जवळची: बारीक अक्षरं किमान एका डोळ्याने वाचता यायला हवीत. तरी रात्रपाळीत टॉर्चच्या उजेडात पंखाखाली उताणं होऊन भेग शोधायची म्हणजे आमच्या डोळ्यांना दुप्पट वेळ, आणि विमान सुटायची वेळ झालेली असते. ज्याला ती घाई झेपेल त्याने जरूर जावं.

माझ्या कामात घाई वेगळ्या जातीची असते. विमानाच्या प्रत्येक महत्त्वाच्या भागाला आयुष्य ठरवून दिलेलं असतं, कुणाला तासांत, कुणाला उड्डाणांच्या फेऱ्यांत, कुणाला महिन्यांत. लँडिंग गिअर कधी बसवला, किती वेळा जमिनीला टेकला, कधी उतरवायचा. सरकारने एखाद्या भागाबद्दल सक्तीची सूचना काढली तर ती कोणत्या विमानाला लागू, कोणत्या टास्क कार्डवर, म्हणजे नेमून दिलेल्या कामाच्या कागदावर, सही झाली आणि कोणत्यावर राहिली. हे सगळं जुळवायचं. एका आकड्याची चूक म्हणजे विमान उभं. मी मॉनिटर टेबलाच्या मधोमध ठेवत नाही, माझ्या शांत बाजूला सरकवून ठेवतो. अक्षर मोठं, चालू ओळ रंगवलेली, आणि कागदावर असेल तर खाली फूटपट्टी. संध्याकाळनंतर आकड्यांची पडताळणी ठेवत नाही, पत्रव्यवहार ठेवतो. मला दिसायला वेळ लागतो म्हणून मी प्रत्येक ओळ वाचतो. या कामात तेच हवं असतं.

धावपट्टीच्या बाजूला गाडी चालवायला वेगळा परवाना लागतो. साध्या वाहन परवान्यासाठीही २५ मीटरवरून नंबरप्लेट वाचता यावी लागते. ते जमत नसेल तर सरळ सांगायचं. एप्रनवर, म्हणजे विमानं उभी करायच्या जागेत, टँकर, ट्रॅक्टर, मागे येणारं विमान, रात्रीचे दिवे, आणि आपल्याला ओळख पटायला अर्धा सेकंद उशीर. तिथे भिडेला जागा नाही.

ड्रोनबद्दल सध्या सोयाबीन-कापसाच्या पट्ट्यात फार विचारणा आहे. २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार रिमोट पायलट प्रमाणपत्राला वय १८ ते ६५, दहावी पास आणि मान्य संस्थेतलं प्रशिक्षण लागतं. वाचायला सोपं वाटतं. पण फवारणीचा ड्रोन साध्या नजरेच्या टप्प्यात ठेवायचा असतो, आणि आभाळात सुटलेला ठिपका परत शोधणं हेच आमच्या डोळ्यांचं दुखणं. आधी कुणाच्या तरी शेतात उभं राहून मावळतीच्या उन्हात तो किती वेळ सुटत नाही ते बघावं आणि मगच फी भरावी. ड्रोनने काढलेल्या फोटोंवरून नकाशे करणं हे मात्र टेबलावरचं काम आहे, आणि त्याला माणसं लागतात.

मुलाखत आणि फॉर्म

मुलाखतीत समोरच्याला वाटतं हा डोळ्याला डोळा देत नाही, काहीतरी लपवतोय. काहींना तर वाटतं, घेऊन आलाय की काय. परदेशात पोलीस दारूड्याचे डोळे हलतात का हेच बघतात, त्यामुळे हा गैरसमज अगदी निराधार नाही. भारतीय विमान क्षेत्रात दारूची तपासणी फुंकरीच्या यंत्राने होते, डोळे बघून नाही, एवढा दिलासा. मी बसल्या बसल्या एक वाक्य सांगतो: 'सर, माझे डोळे जन्मापासून हलतात, जवळचं मला व्यवस्थित दिसतं, स्क्रीन थोडी बाजूला चालेल का?' मग उरलेला वेळ कामावर बोलता येतं.

वैद्यकीय फॉर्ममध्ये आधीच्या आजाराचा रकाना असतो. तो रिकामा ठेवायचा सल्ला देणारे बरेच भेटतील. निस्टॅग्मस लपत नाही. परीक्षकाने स्लिट लॅम्पमधून, म्हणजे डोळे तपासायच्या दुर्बिणीतून, बघितलं की पहिल्या सेकंदाला कळतं, आणि मग डोळ्यापेक्षा खोटं बोलणं महागात पडतं. त्यापेक्षा उलट करावं. लहानपणीचे केसपेपर, जुने चष्म्याचे नंबर, मेंदूचा एखादा स्कॅन झाला असेल तर त्याचा अहवाल, सगळं तारखेप्रमाणे एका फाईलला लावावं. परीक्षकाला पहिला प्रश्न हाच पडणार की हे कधीपासून आहे आणि वाढलंय का. तीन वर्षांच्या पोराच्या केसपेपरवर 'निस्टॅग्मस' लिहिलेलं असेल आणि नंबर दहा वर्षं जागेवर असेल, तर त्याचं उत्तर तुम्ही तोंड उघडायच्या आधीच त्याच्या टेबलावर असतं. आईने ते कागद कुठे ठेवलेत, आजच विचारून घ्या.